लक्ष लागत नाही? आधी ताटात काय आहे ते सांग

ताई,
मी २४ वर्षांची आहे. गाव कळवण तालुक्यात, वडिलांची कांद्याची शेती. दोन वर्षांपासून नाशिकला अशोकस्तंभाजवळ रूम करून राहते आणि पीएसआयची तयारी करते. पहाटे पावणेपाचला उठून गोल्फ क्लबवर पाच-सहा किलोमीटर पळते, मग सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत अभ्यासिका. झोपायला बारा वाजतात. फिजिकलसाठी वजन कमी हवं असं ग्राउंडवर सगळे म्हणतात, म्हणून आठ महिन्यांत ५६ किलोवरून ४७ वर आणलं. उंची पाच फूट तीन इंच. सकाळी कोरा चहा, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी, चारला चहा-बिस्कीट, संध्याकाळी परत चहा आणि कधी एखादं केळं, रात्री एक भाकरी, वरण, भाजी. भात बंद केलाय. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरते.
पण आता राज्यघटनेचं एक पान पाचदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. अभ्यासिकेत बसून रेसिपीचे व्हिडिओ बघत राहते, मग स्वतःचाच राग येतो. साधा फोन वापरून पाहिला, ‘डोपामिन डिटॉक्स’ केलं, आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. मे महिन्यातही मला पंखा नको वाटतो, हात गार पडतात. चार महिने पाळी आलेली नाही, टेन्शनने असेल. मैत्रिणी म्हणतात बरंच आहे, पळायला अडचण नाही. आई गावाहून लाडू पाठवते, ते मी रूममेटना वाटून टाकते.
माझी जिद्द संपली का? लक्ष लागायला एखादी गोळी, हार्मोनचं औषध असतं का? की या वेळचा फॉर्मच भरू नको?
– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रीण,

तू सगळ्यात जास्त जिद्दीबद्दल लिहिलंस आणि पाळीचा विषय ओझरता उरकलास. मी उलटं करते. चार महिने पाळी नाही, ही तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने चुकली तर वाट बघायची नसते, डॉक्टरांकडे जायचं असतं. तू पळतेस त्या गोल्फ क्लबच्या मैदानापासून सिव्हिल हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे. या आठवड्यात एका सकाळी पळणं राहू दे, केसपेपर काढ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. तिथे काय बोलायचं ते खाली लिहिते. ‘बरंच आहे, अडचण नाही’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींचा हेतू वाईट नाही, पण त्यांचं म्हणणं चूक आहे आणि या बाबतीत तू ते ऐकू नकोस.

तुझं पत्र वाचून मला जे दिसतं ते स्पष्ट सांगते. तपासणीत आणखी काही निघू शकतं, पण तुझं वजन, तुझी पाळी, तुझे गार हात, न लागणारं लक्ष आणि रेसिपीचे व्हिडिओ या सगळ्या तक्रारी एकाच कारणातून आलेल्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. तू महिनोन्‌महिने अर्धपोटी आहेस.

तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, म्हणून हे तुला लगेच कळेल. दुष्काळी सालात घर काय करतं? लग्न पुढे ढकलतं, घराची डागडुजी थांबवतं, नवं काही काढत नाही, पण जनावरं जगवतं आणि चाऱ्याचा विचार मात्र दिवसरात्र करतं. शरीर हेच करतं. हा कारभार पाहतो मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग. त्याला शरीरात साठा किती आहे याची खबर देणारं एक हार्मोन आहे, लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतून स्रवतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचा जनुक शोधला, तोपर्यंत चरबी म्हणजे नुसता साठा असंच बहुतेक जण समजत होते. खाणं कमी झालं की लेप्टिन उतरतं, आणि गंमत म्हणजे चरबी घटण्याच्या कितीतरी आधी, दोन-तीन दिवसांतच उतरू लागतं. हायपोथॅलॅमसला निरोप मिळतो की टंचाई आहे, आणि तो एकेक खातं आवरतं घेतो.

पहिलं खातं पाळीचं. हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जे ठोके देतो, ज्यांच्यावर पुढे अंडाशय चालतं, ते मंदावतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, पाळी थांबते. दुसरं खातं थायरॉइडचं. थायरॉइडचं जे रूप पेशींत प्रत्यक्ष काम करतं, त्या टी-३ ची पातळी शरीर मुद्दाम खाली आणतं, म्हणजे जळण कमी लागावं. निफाडचा पारा उतरतो तेव्हा थंडी सगळ्यांनाच वाजते. मे महिन्याच्या नाशकात तुला पंखा नको वाटतो, त्याचं उत्तर इथे असू शकतं. तसं असेल तर ही थायरॉइडची गाठ नव्हे, थायरॉइडचा आजारही नव्हे, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून थायरॉइडची गोळी चालू करू नकोस. तिसरीकडे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, कारण ताटातून साखर मिळत नसली तर ती स्नायूंतून आणि इतर साठ्यांतून काढून द्यायला कुणीतरी लागतं. मेंदू तर थांबत नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. यकृतातला साठा असतो १०० ग्रॅमच्या आसपास. तू रात्री साडेनऊला जेवतेस असं धरलं तर दुपारच्या डब्यापर्यंत पंधरा तास होतात आणि त्यात पाच-सहा किलोमीटर पळणं आहे. त्या साठ्यात सकाळी दहा वाजता काय उरलं असेल, तूच विचार कर. नेमकं त्याच वेळी तू राज्यघटना उघडतेस.

आता रेसिपीचे व्हिडिओ. याबद्दल तुला जी लाज वाटते ती आधी काढून टाक, आणि त्यासाठी एक जुनी हकिकत सांगते. १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली, पण लोकांच्या उपयोगी पडायची इच्छा असलेली ही मुलं होती. धडधाकट, ध्येयवादी, निश्चयी. युरोपात उपासमारीतून सुटलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःहून २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर राहायचं कबूल केलं. त्यांचं सुमारे चौथाई वजन उतरलं. आणि झालं काय? त्यांना सतत थंडी वाजू लागली. बोलणं, वाचणं, स्वप्नं, सगळं जेवणाभोवती फिरू लागलं. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, रात्र रात्र वाचू लागले. शिक्षणात, राजकारणात, मुलींतही त्यांचा रस गेला. लक्ष लागत नाही, विचार सुटतो, अशी तक्रार जवळजवळ सगळ्यांची. पण याच मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा गुणांत काही मोठी घसरण दिसली नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाच, कारण तुला सांगायचं ते सगळं त्यात आहे. त्यांची बुद्धी शाबूत होती. लक्षही होतं, पण ते अन्नाकडे वळलं होतं, कारण शरीराच्या लेखी त्या घडीला त्याहून महत्त्वाचं दुसरं काम नव्हतं. पोट रिकामं राहिलं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, आणि ते नुसती भूक लावून थांबत नाही. खाण्याचं चित्र, वास, आवाज यांच्याकडे मेंदूला खेचतं. तू ‘मूलभूत हक्क’ वाचत असतेस आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्या डब्याचं झाकण उघडतं, तेव्हा ओळ सुटते. त्यावर दात-ओठ खाऊन फार काळ मात करता येत नाही. त्या ३६ जणांकडे निश्चयाची कमी नव्हती.

डोपामिनबद्दलही जरा बोलते, कारण तुमच्या वयाच्या मुलांच्या डोक्यात त्याबद्दल फार गैरसमज भरवला गेलाय. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन आहे. ती साचलेली घाण नाही, की ‘डिटॉक्स’ करून उपसून टाकली म्हणजे डोकं स्वच्छ होईल. एखाद्या कामासाठी कष्ट उपसायची तयारी, उठून सुरुवात करण्याची ओढ, हे काम त्याच्याकडे असतं. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, तेव्हा माणसाला पाऊल उचलायची सुरुवातच जड जाते, ते याच कारणाने. आणि डोपामिनच्या या पेशींवर लेप्टिन आणि इन्सुलिन ओळखणारी केंद्रं असतात. म्हणजे पोटातली आणि साठ्यातली खबर थेट तिथेही पोहोचते: आत्ता ताकद कुठे खर्च करणं परवडेल? टंचाईत त्याचं उत्तर ‘अन्न शोध, बाकी राहू दे’ असंच येणार. डोपामिन तयार व्हायला लोहही लागतं. याकडे मी परत येणार आहे.

फोन बाजूला ठेवणं चांगलंच आहे, ते चालू ठेव. पण तू उपाय चुकीच्या टोकाकडून सुरू केलास. आधी खाणं, मग झोप, त्यानंतर फोन.

आता तुझ्या ताटाचा हिशोब मांडते, कारण ‘मी खाते की!’ असं तुला वाटत असणार. दोन पोळ्या आणि भाजी साडेतीनशे कॅलरी, दोन चहा आणि बिस्किटं मिळून सव्वादोनशेच्या आसपास, केळं शंभर, रात्रीची भाकरी-वरण-भाजी चारशे-सव्वाचारशे. ओढूनताणून ११००. उपासाच्या दिवशी त्याहून कमी. पळताना किलोमीटरमागे किलोला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे सहा किलोमीटरचे २८० गेले. उरले ८२०. ते कशासाठी उरले? हृदय, मेंदू, पाळी, हाडं, ऊब, अभ्यास, सगळ्यांसाठी. तुझ्या ४७ किलोंतली चरबी वजा केली तर साधारण ३८ किलो उरतात. ८२० ला ३८ ने भागलं की किलोमागे २१-२२ कॅलरी येतात. खेळाडूंच्या आहाराचा अभ्यास करणारे साधारण ४५ हा आकडा पुरेसा धरतात. निरोगी तरुण स्त्रियांना प्रयोगात अवघे पाच दिवस ३० च्या खाली ठेवलं, तेव्हा पाळी चालवणाऱ्या एलएच हार्मोनचे ठोके विस्कटू लागले होते. पाच दिवसांत! तू आठ महिने काढलेस. उलट दिशेने हिशोब केला तर ४५ गुणिले ३८ आणि वर पळण्याचे २८०, म्हणजे तुला दिवसाला २००० च्या आसपास लागतात. तू साधारण निम्म्यावर आहेस, मिनेसोटातल्या त्या मुलांसारखीच, आणि वर रोज पळतेस. हे आकडे अंदाजाचे आहेत, शंभर इकडे-तिकडे होतील, पण फरक शंभराचा नाही, नऊशेचा आहे.

उपासाबद्दल माझं मत सांगते, म्हणजे गैरसमज नको. पोटभर खाणाऱ्या निरोगी माणसाने एखादी एकादशी केली तर त्याच्या डोक्याला काही होत नाही. पण रोजच्या टंचाईवर आठवड्याला दोन उपास आणि चतुर्थी, हे तुला आत्ता झेपणारं नाही. आपल्या घरात आजाऱ्याला, गरोदर बाईला उपासातून मोकळं करतातच. तशी काही महिने तू स्वतःला मोकळीक दे. मन अगदीच मानत नसेल तर चतुर्थी ठेव, पण नुसत्या साबुदाण्यावर नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही, दूध, खजूर असं भरपेट खा आणि त्या दिवशी पळू नकोस.

मग रोज काय खायचं? एकदम दुप्पट करू नकोस, पोट बिघडेल आणि तू घाबरून परत मागे जाशील. दोन-तीन आठवड्यांत वाढवत ने. पहिली सुधारणा पहाटेची: रिकाम्या पोटी मैदानावर जायचं नाही. एक केळं किंवा तीन-चार खजूर, नाहीतर आईचा एक लाडू. हो, तो लाडू. शेंगदाणे, तीळ, गूळ, तूप असं जे काही त्यात आहे ते सगळं तुला आत्ता हवंय. रूममेटना एकेक दे, डबा तुझ्याकडे ठेव. पळून आल्यावर तासाभरात खरीखुरी न्याहारी: मूठभर शेंगदाणे घालून पोहे, किंवा दोन अंडी आणि पोळी, किंवा दही-थालीपीठ, आणि कपभर दूध. अंडी खात नसशील तर मोड आलेली मटकी. रविवारी रूमवरच्या सगळ्या जणी मिसळ खायला निघाल्या तर तूही जा आणि पाव मोजू नकोस. मटकी, फरसाण, दही, पाव यात तुला हवं ते बरंच काही आहे. डब्यात भात परत सुरू कर. मेसवाल्या मावशींना सांग की वरण जरा घट्ट द्या, जास्तीचे पैसे लागले तर ते टेस्ट सिरीजपेक्षा जास्त कामाला येतील. दुपारच्या जेवणात तिसरी पोळी, वर चमचाभर तूप. चारच्या बिस्किटांऐवजी फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे-गूळ, पिशवीत मावतं आणि महागही नाही. बुधवारच्या गोदाघाटावरच्या बाजारात मेथी, शेपू, लिंबं, पेरू स्वस्तात मिळतात. आठवड्याचा पेरू आणून ठेव.

लिंबू आणि पेरू मी उगाच सांगत नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे तुझ्या अभ्यासिकेत बसलेल्या कितीतरी मुली लोहाच्या कमतरतेवर अभ्यास करत असतील आणि स्वतःला आळशी म्हणत असतील. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. सोबत लिंबू, पेरू, आवळा असला की जास्त मिळतं, आणि सोबत चहा असला की कमी. म्हणून चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी दूर ठेव. कोरा चहा भूक मारायला पीत असशील तर तो आजपासून बंद. आणि संध्याकाळी पाचनंतर कसलाच चहा नको: कॅफिन निम्मं ओसरायलाच सुमारे पाच तास लागतात.

झोपेवरून आठवलं. बारा ते पावणेपाच म्हणजे पाच तासही नाहीत. शिकागोत २००४ मध्ये निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांचं लेप्टिन १८ टक्के उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्के चढलं. म्हणजे झोप तोडली की पोट भरलेलं असतानाही मेंदूला टंचाईचाच निरोप जातो. वर दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. मुलं अभ्यासिकेत रात्री किती वाजेपर्यंत बसतात यावर एकमेकांना मोजतात, ते मला पटत नाही. तू साडेदहाला दिवा घालव, सहाला ऊठ.

मग पहाटेचं पळणं? ते सध्या कमी कर. महिनाभर आठवड्यातून तीनच दिवस, तेही हलकं, बाकीचे दिवस चालणं. तुझी पाळी थांबलेली असताना इस्ट्रोजेन कमी असतं, आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडांची झीज. विशी हे हाडं भरण्याचं वय आहे. अशात रोज कडक जमिनीवर पळत राहिलं तर नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि मग महिनोन्‌महिने मैदान बंद. नडगीत किंवा पावलात एका ठरावीक जागी बोट ठेवलं की दुखतंय, असं असेल तर पळणं आजच पूर्ण थांबव आणि डॉक्टरांना दाखव. शिवाय तुझी फिजिकल मुख्य परीक्षेनंतर आहे. पूर्व आणि मुख्य निघायला डोकं लागणार आहे, आणि पुढे गोळाफेकीत ताकद लागणार आहे. वजन उतरवल्याने गोळा लांब जात नाही. ग्राउंडवरच्या मुलांना वजन कमी करून फायदा झाला असेलही, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं वजन मुळात जास्त होतं. तुझं ५६ अगदी योग्य होतं. आपल्याच जिल्ह्यातली कविता राऊत, सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. लांब पल्ल्याच्या धावपटूंची अंगकाठी बघून मुलींना वाटतं की बारीक झालं की वेग येतो. वेग सरावातून येतो, आणि सराव पचवायला अन्न लागतं.

आता डॉक्टरांकडे काय बोलायचं ते. संकोच न करता चार गोष्टी सांग: शेवटची पाळी कधी आली, आठ महिन्यांत वजन किती उतरलं, रोज काय खातेस, किती पळतेस. बऱ्याच मुली फक्त ‘पाळी येत नाही’ एवढंच सांगतात, मग खाण्या-पळण्याचा विषय निघतच नाही. डॉक्टर आधी गरोदरपणाची चाचणी करायला सांगतील. पाळी थांबलेल्या प्रत्येकीला सांगतात, त्यात तुझ्यावर संशय नसतो. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं एक हार्मोन), बी-१२ या तपासण्या आणि बहुतेक सोनोग्राफी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर रक्तक्षय म्हणतात, पण ते १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून ‘रक्त चांगलं आहे’ एवढ्यावर थांबू नकोस, फेरिटिनबद्दल विचार. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड, आहे का, थायरॉइड खरंच बिघडलंय का, हेही डॉक्टरच ठरवतील. मी पत्रावरून तुझं निदान करत नाही आणि तूही करू नकोस.

‘हार्मोनची गोळी असते का’ असं विचारलंस. लक्ष लागायची अशी गोळी नाही. पाळी आणायची गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नकोस. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी, पण नुसती पाळी आली म्हणजे टंचाई संपली असं नाही. तपासणीत लोह किंवा बी-१२ कमी निघालं तर त्याचं औषध नेमाने घे, त्याचा लक्षावर खराच फरक पडतो. बाकी पावडरी, फॅट बर्नर, ‘फोकस’च्या कॅप्सूल यांवर एक रुपयाही घालवू नकोस. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी येतील.

आणखी एक विचारते, उत्तर मला नको, स्वतःला दे. जास्त खायचं म्हटलं की भीती वाटते का? काटा ४८ वर गेला तर दिवस वाया जातो का? कधी खाल्लेलं उलटून टाकलंस का? यातलं काहीही ‘हो’ असेल तर तेही डॉक्टरांना सांग, आणि समुपदेशकाची मदत घे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ही भीती खूप जणींना असते आणि ती बरी होते.

सुधारणा कशी येईल हेही माहीत असू दे, नाहीतर आठवड्यात धीर सोडशील. न्याहारीचा फरक काही दिवसांतच कळेल, सकाळचे दोन तास मोकळे झाल्यासारखे वाटतील. ऊब आणि उत्साह यायला काही आठवडे. पाळीला कधी कधी कितीतरी महिने लागतात. मिनेसोटातल्या मुलांनाही पूर्ववत व्हायला प्रयोगापेक्षा जास्त वेळ लागला होता. वजन वाढेल, ते वाढायलाच हवंय. काटा रूमवर असेल तर मैत्रिणीला दे.

या काळात अभ्यासिकेतले तेरा तास नकोत. सकाळी न्याहारीनंतर अवघड विषय घे, पाऊण-पाऊण तासाचे दोन-तीन टप्पे, मध्ये उठून पाणी, दोन मिनिटं चालणं. दुपारी जेवल्यावर चालू घडामोडी किंवा सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. संध्याकाळी सातला उठलीस तरी चालेल. एका तासात जेवढं खरंच डोक्यात गेलं तेवढंच मोज, बसण्याचे तास मोजू नकोस. व्हिडिओ बघावासा वाटला तर आधी घड्याळ बघ: शेवटचं खाऊन चार तास झाले असतील तर पिशवीतले शेंगदाणे काढ. दहा मिनिटांनी परत पुस्तक उघड.

हे सगळं घरी सांग. वडिलांना कांद्याच्या भावाची काळजी आहे म्हणून तू त्यांच्यापासून लपवत असशील, पण चार महिने पाळी नाही हे आईला कळायला हवं. आणि लाडू आता तूच खातेस, हेही.

फॉर्म भर. उपाशी डोक्याने तयारी सोडायचा निर्णय घेऊ नकोस. तीन महिने नीट खा, झोप, तपासण्या पूर्ण कर, आणि त्यानंतरही वाटलं तर सोड. मग तो तुझा निर्णय असेल. रिपोर्ट आले की कळव.